न धुतलेला रुमाल

फिल्म खिडकीच्या उजेडात धरायची, चष्मा कपाळावर सारायचा आणि म्हणायचं, "थांबा. मला अजून कळलेलं नाही." आमच्या डॉक्टरांचं हे रोजचंच. नव्वदच्या दशकात गंगापूर रोडवरच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी त्यांचे रिपोर्ट टाइप करत असे. तुम्हीही असा डॉक्टर पाहिला असेल, ज्याच्यापेक्षा पेशंटलाच जास्त खात्री असते. यांना पदवी दिली कुणी, असं मला खरंच वाटायचं.

एकदा फुलांचा मळा करणाऱ्या एक बाई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. झोक्यावरून पडल्यापासून तिच्या नाकातून पाणी गळायचं. सगळे सर्दी म्हणायचे. पण तिला दोनदा मेंदूज्वर होऊन गेला होता. डॉक्टरांना शंका होती, की हे मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी आहे आणि ते जिथून गळतं तिथूनच जंतू आत शिरतात. "तिसरा ताप तिला झेपायचा नाही," ते मला हळूच म्हणाले.

सर्दीचा रुमाल वाळला की कडक होतो, या पाण्याचा मऊच राहतो. म्हणून त्यांनी बाईंना वापरलेला रुमाल आणायला सांगितला. आणलेला रुमाल बोटांत चोळून ते एकदम खूश. "मऊ आहे!"

"मऊ ऱ्हानारच की," बाई म्हणाल्या. "मीच धुतलाय. डाक्टरकडं घान रुमाल कसा आनायचा?"

पुढच्या खेपेलाही तेच, वर गादीखाली दाबून इस्त्री. शेवटी डॉक्टरांनी स्वतःचा रुमाल काढला, मुलीला मान खाली घालून बसवलं, थेंब टिपले आणि रुमाल खिडकीत वाळत टाकला. तो मऊ राहिला.

पण भोक कुठे? फिल्मवर पांढरं दिसणारं औषध पाठीतून सुईने त्या पाण्यात सोडलं, स्कॅन केला. गळती दिसेना.

"नॉर्मल लिहू, सर?"

"थांबा."

मी वैतागून टाइपरायटरवर झाकण घातलं. तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "उतानं झोपलं की नाय गळत. दप्तर उचलाया वाकले की लय गळतं."

स्कॅन उताणं झोपवूनच केला होता. डॉक्टर म्हणाले, पुन्हा करू. "परत सुई?" बाईंचे डोळे भरून आले. "लेकराला किती टोचनार?"

"ताई, मला कळलेलं नाही, म्हणून विचारतोय." त्यावर बाई कशा तयार झाल्या, ते मला आजही उमगत नाही.

या वेळी मुलगी टेबलावर पालथी, डोकं कडेबाहेर खाली. आमचे गलेलठ्ठ डॉक्टर तिच्या तोंडाखाली फरशीवर उताणे झोपले. थेंब टपकन त्यांच्या चष्म्यावर पडला. "चालू करा!" म्हणत ते धडपडत बाहेर आले.

फिल्मवर नाकाच्या छतापासून एक बारीक पांढरा धागा खाली उतरला होता. त्यांनी ती खिडकीशी धरली. मी "थांबा"ची वाट पाहत होते. ते स्टुलावर बसले आणि चक्क रडले. मी चहा सांगितला.

मुंबईला ऑपरेशन होऊन भोक बुजलं. ताप पुन्हा आला नाही.

बऱ्याच वर्षांनी डॉक्टर वारल्यावर त्यांचं टेबल आवरायला त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, मला बोलावलं. खालच्या खणात तो रुमाल होता. इतकी वर्षं का ठेवला असेल, कोण जाणे.

"धुवायला टाकू?" वहिनींनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. बोटांत चोळून पाहिला. अजून मऊच होता.