नवसाबाईचं जातं राजवाड्यात गेलं

नवसाबाईला सगळं कळायचं, फक्त आपलं चुकलं हे कळत नसे. पेठच्या बाजूच्या डोंगरात तिचा पाडा. तिथे कुणाची गाय कधी विणार, कुणाची सून कधी माहेरी पळणार, हे ती आधीच सांगून ठेवायची. तसं झालं नाही तर चूक गायीची नाहीतर सुनेची.

पाड्यावर पिठाची गिरणी आली तेव्हा नागलीचा डबा घेऊन पहिली तीच पोचली. पन्नास वर्षं जातं ओढून तिचे खांदे कामातून गेले होते. घरी आल्यावर तिने जात्याला चार शिव्या हासडल्या आणि त्याला पडवीत ढकललं. कोंबड्या त्यावर बसायला लागल्या. पुढे दोन हजार सालच्या सुमाराला तालुक्याच्या गावी, जुन्या संस्थानिकांच्या राजवाड्यात, आदिवासी संग्रहालय निघालं. तिथला रविराज नावाचा तरुण साहेब जुन्या वस्तू मागत पाड्यावर आला. नवसाबाईने जातं देऊन टाकलं. बदल्यात शाल, नारळ आणि गळ्यात हार घातलेला फोटो मिळाला. जीप वळणाआड गेली तशी ती म्हणाली, "गेली एकदाची पीडा."

तीन वर्षांनी तिच्या नातीचं, आशाचं, लग्न ठरलं आणि पीडा परत आली.

पाड्यावरची रीत अशी की लग्नाची हळद घरच्याच जात्यावर दळायची, सासूकडून सुनेकडे आलेल्या, आणि दळायची पाच सवाशिणींनी. ही रीत मोडू न देण्याचा मक्ता नवसाबाईनेच घेतला होता. शेजारच्या रंगूबाईने एकदा लेकीच्या हळदीला उसनं जातं आणलं, तर हिने ते भर मांडवातून माघारी पाठवलं. रंगूबाईला भर उन्हात जावेच्या घरून सासूचं जातं आणावं लागलं होतं. ती हे विसरेल कशाला?

"हळद कुठं दळायची ठरलीय गं, नवसाबाई?" रंगूबाईने विहिरीवर विचारलं. एवढ्या गोड आवाजात ती कधी बोलत नसे.

"आपल्याच जात्यावर. दुसऱ्याच्या कशाला?" नवसाबाई म्हणाली आणि हंडा अर्धाच भरून घरी आली.

घरी मुलगा पुंजा दिंडोरीच्या द्राक्षमळ्यातून लग्नापुरता आला होता. तो म्हणाला, "आये, हळदीचा पुडा आणू का?" आशा म्हणाली, "मिक्सरवर होईल की, आजी." त्या दिवशी दोघांनाही जेवण उशिरा मिळालं.

शेवटी नवसाबाईने ठरवलं, जातं घरी येत नसेल तर हळद जात्याकडे जाईल. तिने हळकुंडं फडक्यात बांधली, रंगूबाई धरून पाच सवाशिणी गोळा केल्या आणि सकाळची एसटी पकडली. रंगूबाई तर बोलावण्याआधीच तयार होती. असला तमाशा कोण सोडतं?

राजवाड्याच्या मोठ्या दरवाजात नवसाबाईची पावलं जरा अडखळली. तिची सासू या वाड्यात वेठीला यायची, मागच्या दाराने, राजाचं दळण दळायला. पुढच्या दाराने येणारी सासूच्या घरातली पहिली बाई नवसाबाईच. पण तिथेही खाकी कपड्यातला राखणदार गोटीराम आडवा आला.

"आजी, तिकीट."

"माझ्याच जात्याला भेटायला तिकीट? तू कोणत्या पाड्याचा रे?"

त्याने पाड्याचं नाव सांगितलं. नवसाबाईने तिथल्या तिथे त्याच्या आजोबांचं नाव, त्यांचं दुसरं लग्न आणि त्या लग्नातली मारामारी सांगून टाकली. गोटीरामाने पैसे न मागता तिकिटं स्वतःच फाडली आणि स्वतःच्याच खिशात ठेवली.

आत दरबाराच्या दालनात जातं होतं. त्याच्याशी एक बाई दळत बसली होती, मांडी घालून.

"ए बाई, सरक," नवसाबाई म्हणाली. "आणि एक पाय पसर की! असं बसून सात जन्म दळशील का?"

"प्लास्टरची हाय ती," गोटीराम हळूच म्हणाला. रंगूबाईने तोंडाला पदर लावला. शाळेची सहल आली होती, ती सगळी पोरं भोवती जमली.

नवसाबाईने पोरांकडे लक्षच दिलं नाही. दोघी सवाशिणींनी प्लास्टरची बाई उचलून भिंतीला टेकवली, जात्यात हळकुंडाचे तुकडे घातले, पाचही सवाशिणींनी खुंट्याला हात लावला आणि गाणं उचललं. जातं हललं नाही. पुन्हा जोर लावला, तरी हललं नाही. गाणं अर्ध्यावरच थांबलं.

"रुसलंय," रंगूबाई म्हणाली. आता तीसुद्धा हसत नव्हती.

हळदीला न फिरणारं जातं कुणी पाहिलं होतं? नवसाबाई जात्यापुढे खाली बसली. तिने दगडावर दोन्ही हात ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा, तेही रंगूबाईच्या देखत, म्हणाली, "चुकलं माझं. तुझ्यावर घर जगलं आणि मी तुला कोंबड्यांना दिलं. शालीवर विकलं. माझ्यावर राग काढ, पोरीवर नको काढू." डोळ्यांतलं पाणी दगडावर पडत होतं.

गोटीरामाला ते बघवेना. "आजी," तो म्हणाला, "रुसलेलं नाय ते. सिमेंट लावलंय. पोरं फिरवायची, म्हणून मीच चिकटवलं."

नवसाबाईने डोळे पुसले. मग गोटीरामाच्या त्याच आजोबांचा तिने असा उद्धार केला की सहलीच्या बाईंनी पोरांना बाहेर काढलं. बोलता बोलता तिने रागाने खुंटा हिसडला, तो अलगद हातात आला. सासूच्या हातातला खुंटा, धरून धरून मधे खोलगट झालेला. तिने त्या खोलगट जागेवरून अंगठा फिरवला.

"दगड ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "दगड डोंगरात पैशाला पासरी हायती. हात लागलेत ते याला."

गलका ऐकून रविराज साहेब धावत आला. वस्तू बाहेर नेणं नियमात बसत नाही, असं त्याने दोनदा समजावलं. नवसाबाई उठली आणि प्लास्टरच्या बाईच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. "मग मी बी हितंच ऱ्हाते. माझ्या नावाची पाटी लिव." पाचही सवाशिणी तिच्या शेजारी ओळीने बसल्या. दुपारपर्यंत कुणी हललं नाही. शेवटी साहेबाने तोड काढली. खुंटा कर्मचाऱ्याच्या ताब्यात जाईल आणि दुसऱ्या दिवशी परत येईल. अशा रीतीने गोटीराम खाकी कपड्यांत हळदीला आला.

जात्याचा दगड रंगूबाईने आपला दिला, मागावा लागला नाही. त्यात सासूचा खुंटा बसला आणि जातं घरघरलं. दळून झाल्यावर आशानेही खुंटा धरून पाहिला, तर तिची बोटं बरोबर त्या खोलगट जागी बसली. "आजी, हा माझ्याच मापाचा हाय," ती म्हणाली, आणि मिक्सरचं नाव पुन्हा निघालं नाही.

गोटीराम घसा खाकरून म्हणाला, "आजी, खुंटा." मांडवातल्या सगळ्या बाया भांडणाच्या तयारीने वळल्या. नवसाबाईने खुंटा पदराने पुसला, हळद लागलेली जागा तेवढी तशीच ठेवली, आणि त्याच्या हातात दिला.

"ने बाबा. घरात ऱ्हायला तर एक दिवस पुंजा त्याला चुलीत घालील, आणि मी हात शेकत बसंन. माझं मला म्हाईत हाय."

गोटीरामाने तो आपल्या टॉवेलात गुंडाळला आणि जेवायला बसला तेव्हाही मांडीवरच ठेवला.