धारला दहा मिनिटं

इंदूरहून निघालेली आमची बस शहराच्या वेशीवरच्या देवास नाक्यावर पाऊण तास उभी होती. शेजारच्या बाईंनी डबा उघडला, सावकाश जेवल्या, डबा मिटला, बस तिथंच. मी पुण्याच्या वाहतूक खात्यातून निवृत्त झालेला, रखडलेल्या बसचं मला नवल नाही. इंदुरात तेव्हा जलद बसला रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र मार्ग होता. तो नाक्याजवळ संपे आणि देवासकरांचे हाल तिथून सुरू होत.

देवासला टेकडीच्या पायथ्याशी माझे मावसभाऊ अण्णा राहतात. वहिनी गेल्या, मुलगा फिरतीच्या नोकरीवर. सून मेधा इंदूरच्या एका दवाखान्यात रक्त तपासते. तेव्हा ती देवासहून सकाळी सहाला निघे. परते तेव्हा तीन वर्षांची लेक झोपलेली असे.

"जलद बस देवासपर्यंत आली तर ठीक, मामंजी (सासरे)," तिनं सांगून टाकलं होतं, "नाही तर मी मुलीला घेऊन इंदूरलाच राहीन."

परिवहन मंत्र्यांना निवेदन द्यायचा घाट अण्णांनी घातला तो यासाठी. जाणकार म्हणून मला बोलावून घेतलं होतं.

मंत्री धारला येणार होते. सकाळी पोहे-जिलेबी खाऊन आम्ही गाडीनं निघालो: अण्णा, मेधा, मी आणि देवासच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मेधाजवळ एक कागद होता. महिनाभर रोज बस किती वाजता निघाली, किती वाजता पोचली, एवढंच त्यात लिहिलेलं.

"तीन मिनिटं लागतात वाचायला. घड्याळ लावून बघितलंय," ती म्हणाली.

इंदूर मागे पडलं आणि दोन्ही अंगांना काळी माती, गव्हाची शेतं लागली. धारचा किल्ला दिसला तेव्हा ऊन चढलं होतं. तिथल्या मंडळींनी आधी जेवायला बसवलं. बाफले (उकडून भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे गोळे) मी चार खाल्ले. सुस्ती आली, पण पुढं जे झालं त्याचं खापर मी बाफल्यांवर फोडणार नाही.

विश्रामगृहाच्या दारातच मंत्र्यांच्या सचिवानं बजावलं, "भिया (दादा), साब के पास दस मिनिट हैं, ज्यादा नी."

अध्यक्षांनी मंत्र्यांचा परिचय मंत्र्यांनाच करून दिला. मग बाग गावच्या ठसेछपाईची शाल, श्रीफळ आणि फोटो. फोटोत श्रीफळ आलं नाही म्हणून पुन्हा फोटो. एवढ्यात अण्णा उठले, "पुण्याहून खास आलेल्या आमच्या बंधूंचाही सत्कार..."

माझ्याही खांद्यावर शाल पडली. सत्काराला उत्तर द्यायचं असतं, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं आहे की मी बोलायला उभाच राहिलो. माळव्याचं आदरातिथ्य, माळव्याची हवा, माळव्याची माणसं. समोर मेधा कागद उलगडून बसली होती. तिची नजर माझ्यावर खिळलेली मला दिसत होती, तरी मी बोलतच राहिलो.

मंत्री उठले. निवेदन हातात घेऊन त्यांनी ते सचिवाकडे दिलं. "दिखवा लेते हैं," ते हसून म्हणाले.

"सर, एक मिनट..." मेधा उठली, तोवर ते बाहेर पडले होते.

परतताना अण्णा म्हणाले, "सत्कार मात्र देखणा झाला." देवास नाक्यावर गाडी अडकली, तेव्हा मेधानं कागदाची घडी पर्समध्ये ठेवली.

"मामंजी, पुढच्या महिन्यापासून आम्ही इंदूरला राहतो."

"बरं," अण्णा म्हणाले आणि बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी निघताना मी मेधाची माफी मागितली. "असू द्या काका. बोललात छान," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते मला जास्त लागलं. उभी नोकरी मी लोकांचा वेळ वाचवण्याच्या गोष्टी केल्या आणि जिथं नुसतं गप्प बसून तीन मिनिटं वाचली असती, तिथं मला गप्प बसवलं नाही. त्याची लाज अजून जात नाही.

आता मेधा आणि मुलगी इंदूरला असतात. दर रविवारी त्या देवासला येतात. अण्णा तासभर आधीच स्टँडवर जाऊन उभे राहतात, आणि बस दर रविवारी उशिरा येते.