जुन्या मशीनमधली माणसं

कॉम्प्युटर बंद केला की मावशी लगेच उठायच्या नाहीत. पडदा पुरता काळा होईपर्यंत खुर्चीतच बसून राहायच्या. मग सांगानेरी छापाचं एक विटलेलं कव्हर त्याच्यावर चढवायच्या, दोन्ही बाजूंच्या नाड्या बांधायच्या आणि त्या मशीनला ऐकू जाऊ नये इतक्या बारीक आवाजात मला म्हणायच्या, "पाहू व, पुढच्या रविवारी."

पाहायचं होतं ते एवढंच, की त्या कॉम्प्युटरची जुनी सिस्टिम काढून नवी टाकायची का नाही. हा निर्णय आम्ही दोघींनी मिळून जवळजवळ वर्षभर घेतला. तेवढ्या वेळात लोक घर बांधून वास्तुशांत करून मोकळे होतात. आम्ही रविवारी दहाला बसायचो, एक वाजता उठायचो आणि निर्णय आपला जागच्या जागी.

माझे यजमान फौजेत. त्यांची बदली जयपूरला झाली, म्हणून मीही आले आणि सीतापुऱ्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायला लागले. मूळची मी साताऱ्याची. मावशी अकोल्याकडच्या. वडील रेल्वेत होते, नोकरीत असतानाच वारले. त्यांच्या जागी या बाविसाव्या वर्षी लागल्या आणि जयपूरच्या ऑफिसात हिंदी टायपिस्ट म्हणून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईचं केलं. पुढे गावी परत जायचं सोडून स्टेशनामागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहिल्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "तिथं मले ओळखते कोण?"

इथं त्यांना सगळे मावशी म्हणूनच ओळखायचे. जयपुरात कुणी मराठी कुटुंब बदलून आलं, की रेल्वेचं असो वा फौजेचं, आठवड्याभरात मावशी दारात हजर. हातात एका वाटीत काहीतरी, दुसऱ्या हातात वही. नाव, गाव, कुठून आलात हे सगळेच विचारतात. मावशी चौथा प्रश्न विचारायच्या, "जाशान कधी?"

मला राग आला होता. सामानाची खोकी अजून फुटली नव्हती आणि ही बाई जायचं विचारते! "तीन वर्षांनी," मी तुटकपणे म्हटलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, शेंगदाण्याच्या चटणीची वाटी माझ्या हातात दिली आणि निघताना म्हणाल्या, "वाटी आणून देजो. लोक देत नाईत."

ती वाटी परत करायला गेले तेव्हा मी तो कॉम्प्युटर पहिल्यांदा पाहिला. चांगला जाडजूड, ज्याच्या पंख्याचा आवाज जिन्यापर्यंत यायचा असा. पाठीमागं एक छोटीशी डबीएवढी किल्ली खोचलेली. मावशींचा मराठी टायपिंगचा जुना प्रोग्रॅम त्या किल्लीशिवाय उघडायचा नाही, आणि तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. एप्रिलातल्या जयंतीचं पत्रक असो की गणपतीच्या वर्गणीची यादी, जयपुरातल्या मराठी माणसांचा सगळा मजकूर याच मशीनमधून निघायचा. टाइप करताना मावशी भिंतीकडे बघायच्या. बोटं आपली आपण चालायची.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. त्या मशीनमध्ये एक फोल्डर होतं आणि त्यात शंभरावर पानं. जयपूरला येऊन गेलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाचं एक पान. माणसं बदलीवर निघाली, की ट्रक हलल्यानंतर मावशी घरी येऊन त्यांचं पान लिहायच्या. एक मी इथं देते, म्हणजे तुम्हाला कल्पना येईल.

"परभणीचे. वहिनी दारात उभ्यानं बोलतात, आत या म्हटलं तर येत नाहीत, पण दोन तास बोलतात. धाकटी मराठीत मोजताना सातच्या पुढे हिंदीत जाते. अंगणात शेवगा लावला. पहिल्या शेंगा आल्या तेव्हा बदली. मी खाल्ल्या. चांगल्या होत्या. वाटी परत नाही."

आणि प्रत्येक पानाच्या शेवटी दोन ओळी. "आले:" आणि पुढे तारीख. "गेले:" आणि पुढे तारीख, गाव.

मी ती पानं वाचत सुटले. कुणी रात्री-अपरात्री घोरण्यासाठी प्रसिद्ध असलेला गार्ड, कुणी आंधी आली की पापड सोडून आधी नवऱ्याची वर्दी आत आणणारी बायको. हसू येत होतं. पण यातलं एकही माणूस आता जयपुरात नव्हतं. "माझं पान कुठंय?" मी थट्टेनं विचारलं.

"माणूस गेल्याबिगर मी पान लिहत नाई."

अडचण पुढे सुरू झाली. त्या जुन्या सिस्टिमवर त्यांची मेल उघडेना. पडद्यावर इंग्रजीत पाटी यायची, की हे आता इथं चालणार नाही. नवी सिस्टिम टाकली असती तर मेल उघडली असती, पण मराठीचा जुना प्रोग्रॅम बंद पडला असता. दोन्ही एकाच मशीनवर ठेवावं म्हटलं तर त्या म्हाताऱ्या मशीनला ते झेपणारं नव्हतं. मोबाइलवर मेल बघा म्हटलं, तर त्यांच्याकडे बटणांचा फोन आणि डोळ्यांत मोतीबिंदू.

"दीड वर्ष झालं व," मावशी म्हणायच्या, "पत्रं साचली असतीन माही. लोकाइले वाटत असन, मावशी उत्तर देत नाई, मतलब रागावली."

म्हणजे माणसांची पत्रं हवीत तर नवी सिस्टिम, आणि माणसांची पानं हवीत तर जुनी. अशा पेचात मी काय सल्ला देणार? तरी माझा धंदाच तो. पेन ड्राइव्हवर तीन पानं घेऊन मी कॉलेजात उघडून पाहिली. तिथं तो प्रोग्रॅम नाही, त्यामुळे पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांचा उकिरडा. मी मावशींना ते छापून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून परभणीच्या वहिनींचं पान उलटसुलट पाहिलं आणि खो खो हसल्या. "तुह्या कॉलेजात जाऊन आपले लोकं इंग्रज झाले नं!"

मग मीच मार्ग काढला. जुनी अक्षरं नव्या मराठीत बदलून देणारी सोय इंटरनेटवर असते. ती अगदी बरोबर बदलत नाही, वेलांट्या जागा सोडतात, जोडाक्षरं फुटतात. पण एकेक पान बदलून हातानं दुरुस्त केलं, की कुठल्याही मशीनवर वाचता येतं. टायपिंगच्या जुन्याच बोटांनी नव्यात लिहिता येईल अशीही व्यवस्था होती. सगळी पानं झाली की सिस्टिम बदलायची, असं ठरलं. बदललेली पानं मी कॉलेजातून आणायची आणि रविवारी दोघींनी बसून ती दुरुस्त करायची.

तो हिवाळा आमचा त्यात गेला. मी बसनं यायचे. मावशी अक्षर मोठं करून वाचायच्या, मी चुका सुधारायचे, आणि प्रत्येक पानाला जोडून एक गोष्ट ऐकायचे. एक वाजता भाकरी आणि तिखट बेसन. रविवारी पाच-सहा पानं व्हायची. मी हिशेब केला, होळीपर्यंत संपेल.

होळी झाली तरी संपेना. आधी झालेली पानं पुन्हा उघडली तर त्याच चुका तिथंच. वेलांट्या पुन्हा भलतीकडे. मी मशीनला शिव्या दिल्या, पेन ड्राइव्हला दिल्या, स्वतःलाही दिल्या. मग एका रविवारी सहज फाइलींच्या तारखा पाहिल्या. शेवटचा बदल: गुरुवार दुपार. सगळ्यांना गुरुवार दुपार. मी तर रविवारशिवाय तिथं कधी जात नव्हते.

मावशी स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. भर दुपारी एकटीनं बसून, भिंतीकडे बघत, ही बाई बरोबर केलेलं चुकीचं करत होती, म्हणजे मला पुढच्या रविवारी यावं लागेल.

तुम्हाला वाटेल, मी उठून त्यांना मिठी मारली असेल. नाही मारली. मला राग आला. घरी दोन मुलांचा अभ्यास, यजमान सरावासाठी फील्डवर, आठवड्यातली एक सुट्टी, आणि ती मी अशी घालवत होते! बोलले मात्र काही नाही. भाकरी खाल्ली आणि निघाले. पुढचे तीन रविवार गेले नाही.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी फोन आला. "बरं नाई का व तुले?"

"बरं आहे मावशी. काम होतं."

"हाव? मंग ठीक. मशीन बी ठीक हाय." आणि फोन ठेवला.

चौथ्या रविवारी मी गेले. काहीतरी बोलायचं असं ठरवूनच गेले होते. मावशींनी फोल्डर उघडून दिलं. सगळीच्या सगळी पानं दुरुस्त. मी एकेक उघडत गेले, एक वेलांटी चुकलेली नव्हती. तीन आठवड्यांत, त्या डोळ्यांनी, एकटीनं. "झालं काम," त्या म्हणाल्या. "मतलब, आता तुले यायचं काम नाई."

इतकी लाज मला आयुष्यात क्वचित वाटली असेल. "अहो, सिस्टिम टाकायची आहेच की अजून," मी घाईघाईनं म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच कव्हर उचललं, नाड्या बांधल्या. "पाहू व, पुढच्या रविवारी."

त्यानंतर मीही घाई केली नाही. जायचे, चहा प्यायचे, दोघी मिळून मशीन चालू करायचो, बंद करायचो. नव्या सिस्टिमसाठी मेमरी वाढवायची चिप लागणार होती, ती बाजारातून आणायला मी मुद्दाम विसरायचे. आता लिहिताना वाटतं, जयपुरातले माझे सगळ्यात चांगले दिवस तेच होते. पण यजमानांची बदली जबलपूरला निघाली आणि मला ते सांगावं लागलं. मावशींनी वही काढली, तारीख विचारली, लिहून घेतली. आणि म्हणाल्या, "टाक मंग आता. तू गेल्यावर कोण टाकीन?"

माझ्या शेवटच्या रविवारी आम्ही नवी सिस्टिम टाकली. पानं आधी दोन ठिकाणी उतरवून घेतली. पडद्यावर आकडा चढत होता, दहा टक्के, अकरा टक्के. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून शेजारी बसल्या होत्या. दुपारी अडीचला मशीन नव्यानं उघडलं. पानं उघडली, सगळी शाबूत. मग मी मेल उघडली.

शेकडो पत्रं होती. मावशी खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "वाच, कोणाकोणाचे हायेत."

मी वरून खाली जाऊ लागले. बँक. विमा. बँक. चप्पल-बुटांचा सेल. कर्ज हवंय का. बँक. मी पान उलटत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, एक तरी निघू दे. दोन निघाली. एक वाढदिवसाचं, सगळ्यांना एकदम पाठवलेलं. दुसरं चुकून आलेलं.

मी खोटं बोलू शकले असते. मावशींना पडद्यावरचं बारीक अक्षर दिसत नव्हतं. पण माझ्या तोंडावरचं दिसत होतं. त्या खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, "लोकाइले कामं रायतेत व. बदलीची नवकरी."

"मी लिहीन मावशी," मी म्हटलं. "दर रविवारी लिहीन." मी ते अगदी मनापासून म्हटलं होतं.

चार रविवार लिहिलं. पाचव्या रविवारी मुलीला ताप होता. सहाव्या रविवारी काय होतं, ते आता आठवतही नाही. दोन-तीनदा मावशींची ओळभर मेल आली: "ठीक आहे. मशीन चांगले चालते." मी सविस्तर उत्तर लिहायचं म्हणून ती बाजूला ठेवली.

दीडेक वर्षानं त्यांच्या भाच्याची मेल आली. आत्या गेली. झोपेतच गेली. खोल्या रिकाम्या केल्या, कॉम्प्युटर भंगारात दिला, पण टेबलावरच्या कागदावर तुमचा पत्ता लिहून ठेवला होता आणि खाली लिहिलं होतं, फोल्डर हिला दे. सोबत फोल्डर.

मी माझं नाव शोधलं. पान होतं.

"साताऱ्याची. चहाला साखर कमी. घाई फार, पण मुलं लहान आहेत. माझ्या चुका पकडल्या, बोलली नाही. मोठ्या मनाची आहे. वाटी परत केली. रविवारी येते."

खाली "आली:" आणि माझी जयपूरला यायची तारीख, बरोबर. त्याखाली "गेली:" आणि पुढे काहीच नाही. मी फाइलीची तारीख पाहिली. शेवटचा बदल माझ्या शेवटच्या पत्रानंतर जवळजवळ दीड वर्षानं केलेला, मावशी जायच्या आधीच्या आठवड्यातला. वार रविवार.

पत्रं थांबली तेव्हाच मी खरी गेले होते, आणि हे सगळ्यांत आधी त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी ती जागा रिकामी ठेवली. तिथं तारीख घालायला मी दोनदा बसले. दोन्ही वेळा लॅपटॉप मिटला आणि तशीच बसून राहिले.