सुरतेत केलेले रोट

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्यतृतीया, होऊन चारच दिवस झाले होते. धरणगावच्या स्टेशनावर आम्ही तिघं सुरतेच्या पॅसेंजरची वाट पाहत उभे होतो. मी, मंगलचे वडील आणि सात वर्षांची मंगल. सामान म्हणाल तर एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि अर्धं पोतं गहू. माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, आबा, पोचवायला आले होते. गाडीचा धूर दिसला तेव्हा म्हणाले, "जास ते जाय. पन लोकेस्ले हाई नको सांगू का आम्ही काढी दिधं."

मंगलचे वडील पेटी उचलता उचलता म्हणाले, "तुम्ही नही काढं आबा. सरकारनं काढं."

झालं. दोघा भावांचं एवढंच बोलणं. गाडी सुटली आणि मी मंगलला इतकी घट्ट धरून बसले की ती ओरडली, "आई, हाडं दुखतात."

हे मी कुणासाठी लिहिते आहे ते आधी सांगते. जे तिथंच राहिले त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे निघाले त्यांच्यासाठीही. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचायला मी दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवर शिकले. तेव्हा जसं बोलते तसंच लिहीन, गोड मानून घ्या.

सरकारनं काढलं म्हणजे काय, ते आजच्या मुलांना खरं वाटायचं नाही. आमच्या शेतात कापूस. त्या काळी आपल्या राज्यात कापूस सरकारी केंद्रावरच द्यावा लागायचा. गुजरातेत भाव चांगला, सरहद्द आमच्याकडून एका दिवसाच्या अंतरावर, पण आपलाच कापूस आपण तिकडं नेला तर आपण चोर. तरी लोक न्यायचे. आधीच्या हिवाळ्यात मंगलचे वडीलही गेले, तिघांच्यात एक टेम्पो करून. नवापूरकडच्या नाक्यावर अडवलं. मारलं नाही की काही नाही, नुसतं एक दिवस बाकावर बसवून ठेवलं आणि कापसासकट परत पाठवलं. गावात पाय ठेवला तर पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "काय चोरभाऊ, ईकी उनात का?" विकून आलात का, म्हणून. सगळे हसले. हेही हसले. पण घरी आले आणि जेवले नाहीत.

तेव्हापासून त्यांचं एकच सुरू. या राज्यात आपलं कोण आहे? आपण जळगाव-धुळ्याचे, मुंबईला आपलं नावसुद्धा ठाऊक नाही. माझं माहेर दीपनगरच्या वीज केंद्राजवळचं, तर मलाही बोलायचे, "तुझ्या बापाच्या दारातून विजेच्या चिमण्या दिसतात, मग इथं माझी मोटर का चालत नाही?" जणू मीच वीज पदराखाली लपवून आणली होती. आणि खरं सांगू का, बोलणं चुकीचं नव्हतं. पण राग त्यांना होता. माझ्या वाट्याला नुसता धाक.

म्हणून आम्ही एक तोड काढली. दिवाळीपर्यंत राहून बघायचं. जमलं तर एरंडोलला जाऊन रेशनकार्डातून नावं कमी करायची आणि सुरतेचं कार्ड काढायचं. नाही जमलं तर परत यायचं. नाव कार्डावर आहे तोवर आपण गेलो नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती.

सुरतेत वराछ्याला चाळीत खोली मिळाली. मंगलच्या वडलांना लूमच्या खात्यात काम मिळालं. तिकडं कारखान्याला खातं म्हणतात. आमच्यापैकी बरेच लोक शहराच्या दुसऱ्या टोकाला, लिंबायतकडं. वराछ्यात सगळे काठियावाडी. दिवसभर लूमची खडखड, भिंतीला हात लावला तरी हाताला मुंग्या. मला सगळ्याचाच धाक. नळावरच्या बायकांचा, रस्ता ओलांडायचा, मंगल शाळेतून येताना हरवेल याचा. माझी आई म्हणायची, "धाक लागना का हातले काम लावानं, माय." म्हणून मी काम शोधून शोधून करायची. घासलेली भांडी पुन्हा घासायची.

शेजारी जसुबेन. अमरेलीकडची, नवरा हिरे घासायला जायचा, मूलबाळ नव्हतं. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल. तिनं पहिल्या आठवड्यातच ओळखलं आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "बेन, बीक शेनी?" कसली भीती, म्हणून. मी काय सांगणार. तिनंच मला नळावर पुढं घातलं, शाकवाल्याशी भांडायला शिकवलं, मंगलला आणायला जायची. तीही गाव सोडून आलेली, पण तिच्या चेहऱ्यावर ते कधी दिसायचं नाही.

श्रावण लागला. आता कानबाईचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते. आमच्या घराण्यात त्या दिवशी भाऊबंदातल्या एकेका पुरुषाच्या नावानं पाच पाच मुठी गहू धरतात. परगावी असलेल्याचेही धरतात. त्या गव्हाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे. रोट घरच्यांनीच खायचे, परक्याला कण द्यायचा नाही. पौर्णिमेच्या आत संपवायचे, आणि उरलेच तर मातीत पुरायचे. बायकांच्या नावाची मूठ नसते. ती का नसते ते मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी आम्हाला जाता येत नव्हतं, खात्यात सुट्टी नव्हती. मी आबांना पोस्टकार्ड टाकलं, यांच्या मुठी धरा. उत्तर नाही. दुसरं टाकलं. उत्तर नाही. मंगलचे वडील म्हणाले, "धरतील गं, भाऊ आहे माझा." पण मला झोप नाही. धरल्या नाहीत तर माणूस देवीच्या नजरेतून सुटला. आणि आपण इथं धरल्या, तिथं त्यांनीही धरल्या, तर एका माणसाच्या दोनदा. आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगायच्या, दोनदा मूठ धरली की माणूस दोन ठिकाणी ओढला जातो, आजार येतो, घरावरून शेजारावर जातो. इकडं आड, तिकडं विहीर.

शेवटी मी धरल्या. गावाहून आणलेल्या त्या पोत्यातले पाच मुठी गहू. कानबाईचं दळण सोवळ्याचं, गिरणीवाला आमच्यासाठी गिरणी धुऊन देईना, तर जसुबेननं आपलं जातं दिलं आणि समोर बसून दळू लागली. मी मनात म्हटलं, दळायला हात लागला तर काय होतं, खाणार थोडीच आहे.

पण दोन रोट उरले. मंगल खाईना, यांची दोन्ही पाळ्यांत ड्यूटी. पौर्णिमा आली. पुरायचे तर माती कुठं? चाळीत फरशी, बाहेर डांबर, पुढं सिमेंट. सगळ्या गल्लीत माती म्हणजे जसुबेनच्या तेलाच्या डब्यातली तुळस. मी पदराखाली रोट घेऊन गल्लीची दोन टोकं फिरून आले. परत आले तर जसुबेन दारात, "शुं छुपाव्युं?" काय लपवलंस, म्हणून. आणि माझ्या हातानं मी ते दोन्ही रोट तिला दिले. ती पायरीवर बसून तुपाशी खाऊ लागली, गूळ मागितला, आणि मी बघत राहिले.

महिना गेला असेल. गणपती बुडाले आणि सुरतेत प्लेग आला.

ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. तोंडाला रुमाल, कॅप्सूलसाठी औषधाच्या दुकानांपुढं झुंबड, खाती बंद. लूम थांबले आणि मला पहिल्यांदा चाळीतल्या माणसांचे श्वास ऐकू आले. लोक मिळेल त्या गाडीनं पळत होते. आणि त्यातच जसुबेनला ताप भरला. खोकलाही.

मला तेव्हा कुणी काही समजावलं असतं तरी समजलं नसतं. माझ्या डोक्यात एकच. दोनदा मूठ धरली, परक्याला रोट दिला. घरावरून शेजारावर गेलं. मी कुणालाच बोलले नाही, यांनाही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. जसुबेन आत पडलेली, नवरा उंबऱ्यात डोकं धरून बसलेला. ती आतूनच म्हणाली, "बेन, तमे जाओ. छोकरीने लई जाओ." पोरीला घेऊन जा, म्हणून. मी दारात पाण्याचा हंडा भरून ठेवला आणि पळाले. ठेवला म्हणते, पण खरं तर टेकवला आणि मागं वळले. आत गेले नाही.

गावाच्या वेशीवर आबा उभे होते. बातमी आमच्या आधी पोचली होती. तोंडावर उपरणं धरून लांबूनच म्हणाले, "खळामां ऱ्हावा दहा दिन. मंग घर या." गावात सगळ्यांचा तोच विचार असणार, मी दोष देत नाही. मीही जसुबेनच्या दारातून तेच केलं होतं.

खळ्यातल्या झोपडीत आम्ही राहिलो. जेठाणी, आमची अक्का, रोज डबा आणून बांधावरच्या दगडावर ठेवायची, हाक मारायची, "ठेवं वं," आणि निघून जायची. ज्या अंगणात मी नवरी म्हणून आले ते तिथून दिसायचं. आणि गंमत बघा, मंगलचे वडील, जे वर्षभर या राज्याला शिव्या देत होते, तेच तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पुरे झालं. नाही जायचं परत. कार्डावर नावं आहेत अजून. कापूस सरकारला देऊ नाहीतर जाळू, पण इथंच राहू."

हेच ऐकायला मी आखाजीपासून नवस बोलत होते. आणि ऐकलं ते मला नकोसं झालं. कारण मी काय करत होते दिवसभर? रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहत होते. सुरतेकडून कुणी आलं असं कळलं की लांबूनच ओरडून विचारायचे, "वराछ्याचं काय? तिसऱ्या गल्लीचं काही कळलं का?" लोक वेड्यासारखं बघायचे. तिसरी गल्ली कुणाला ठाऊक.

आठव्या दिवशी अक्का डबा दगडावर न ठेवता सरळ झोपडीत आली आणि माझ्या शेजारी बसली. मी म्हटलं, "अक्का, आबा रागावतील." तर म्हणाली, "रागावू दे. मालेबी एक दिन मरनंच शे." तिचा हात माझ्या पाठीवर पडला आणि मी फुटले. मुठी, रोट, जसुबेन, हंडा, सगळं सांगितलं.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "दोनदा कथाईन व्हई माय? आबानी तुमन्या मुठी धऱ्याच नहीत."

मला आधी कळेचना.

"त्यास्नं म्हननं, राज्य सोडी गया त्यानी मूठ कसाले. तुनं कार्ड वाचं आन खिसामां ठी दिधं."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी?" ती हसली, पण हसण्यात काही नव्हतं. "बाईनी मूठच नही, तं तिना बोलानी कोन धरस?"

मग उठताना म्हणाली, "उपाशीले दिधं काय आन आजारीले दिधं काय, कानबाई रागे नही भरस. तू उगाच धाक नको धरू."

आधी मला जीव आल्यासारखं झालं. दोनदा झालंच नव्हतं. जसुबेनच्या तापात माझा हात नव्हता. थोड्या वेळानं, अक्का बांध ओलांडून गेल्यावर, दुसरं कळलं. आम्ही बघायला म्हणून गेलो होतो, दिवाळीपर्यंत. इथं श्रावणातच ठरलं होतं, आम्हाला न विचारता. रेशनकार्डावर नाव होतं, आणि घरात नव्हतं.

यांना सांगितलं. ते उठून कापसात एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "मग आता?"

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हुकूम सोडला. म्हटलं, "एरंडोलला जा. नावं कमी करून या. मला जसुबेनकडं जायचंय."

"ती असली तर."

"नसली तरी जायचंय. तिच्या दारात मी हंडा टाकून आले."

दहावा दिवस संपला तसे आम्ही अंगणात गेलो, आबांच्या पाया पडलो. त्यांनी जेवायला बसवलं, बसलोही. रोटांचं कुणीच काही बोललं नाही. एरंडोलहून नावं कमी केल्याचा दाखला हातात घेऊन आम्ही पॅसेंजरमध्ये बसलो तेव्हा गाडी रिकामीच होती. नंदुरबार गेलं, नवापूर गेलं. मंगल विचारत होती, जसुमासी काय देईल खायला? मी खिडकीतून बाहेर बघत होते. मनात दारावरचं कुलूप दिसत होतं, चाळीच्या तोंडाशी उभी गर्दी दिसत होती, जे जे वाईट दिसायचं ते सगळं दिसत होतं.

तिसऱ्या गल्लीत शिरलो. दार बंद. मी कडी वाजवली, पुन्हा वाजवली. आत चपलांचा आवाज झाला. दार बोटभर उघडलं आणि फटीतून जसुबेन. अर्धी झालेली, डोळे आत गेलेले, केस विस्कटलेले. तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. दार काही उघडलं नाही.

"गामडेथी आव्यां छो," ती म्हणाली. "दस दिवस बहार बेसो." गावाहून आलात, दहा दिवस बाहेर बसा, म्हणून; सुरतेहून गेलेल्यांना गावोगाव असंच बसवत होते ते तिच्या कानावर आलं असणार.

आणि स्वतःच इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. साधा मलेरिया होता तिला. मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले; ती दारात टेकून हसत राहिली, आणि मंगल आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत होती.

आता पुष्कळ वर्षं झाली. लोक मला विचारतात, खास करून गावाकडून नवे येणारे, तुम्हाला तुमचं राज्य सोडून आल्याचं काही वाटत नाही का. वाटतं. आखाजीला अजून जीव तिकडं जातो. आबांचा रागही येत नाही, त्यांनी त्यांच्या परीनं घर वाचवलं. पण एक सांगते. खानदेशातून वाईट बातमी आली की मी रडते, कार्ड लिहिते, देवापुढं दिवा लावते. इथं सुरतेत तापीला पूर आला असं ऐकलं की मात्र मी आधी चप्पल शोधते आणि जसुबेनच्या दाराशी जाऊन उभी राहते. ती आतून विचारते, "फरी बीक?" पुन्हा भीती? मी म्हणते, हो, पुन्हा. ती सरकून जागा देते, आणि आम्ही दोघी पाण्याचा आवाज येतो का ते ऐकत बसतो.