प्रमिलाचा सगळ्यात चांगला फोटो

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगणं त्या मानानं सोपं आहे. तुम्ही मला ओळखत नाही, आणि प्रमिलाला तर मुळीच नाही.

मी रायपूरला राहते. मॉडेलिंग करते — हसू नका, पन्नाशीच्या बायकांनाही काम असतं. दवाखान्याच्या जाहिरातीतली सासू, नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत चहा पिणारी आई, गुडघेदुखीच्या तेलाच्या खोक्यावर आधी कण्हणारी आणि मग जिना चढणारी बाई — ती मी. शिवाय शनिवार-रविवारी या धंद्यात नव्यानं येणाऱ्या मुलींना शिकवते. काय शिकवते? स्वतःचे फोटो स्वतः रिटच करायला, म्हणजे कॉम्प्युटरवर दुरुस्त करायला.

मागे इथल्या काही फोटोग्राफरांनी मला बोलावलं होतं. मॉडेलनं हे शिकावं का, यावर बोला म्हणाले. त्यांचं स्वतःचं मत, शिकू नये. आपल्या चेहऱ्याकडे कुणालाच धड बघता येत नाही. बाई एक सुरकुती पुसायला बसते आणि अख्खं कपाळ पुसून उठते. मी म्हटलं, शिकावंच. स्टुडिओतला माणूस सगळ्या बायकांना एकाच डब्यातला रंग लावतो. मसाल्याच्या पाकिटावर पहिल्यांदा माझा फोटो आला तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, ही कोण? नाक सरळ, रंग उजळ, गळ्यावरचा तीळ गायब. त्या तिळावर माझं काही प्रेम नव्हतं. पण काढताना मला कोणी विचारलं नाही. म्हणून मी चाळिशीत कॉम्प्युटर क्लासला गेले, कॉलेजच्या पोट्ट्यांमधे बसून शिकले. असं सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या.

सगळं खरंच होतं. फक्त अर्धं होतं. जिला आपला चेहरा दुरुस्त करता येतो तिला दुसरीचाही करता येतो — हे मी त्या दिवशी बोलले नाही. काहून बोलले नाही? कारण मग प्रमिलाचं नाव आलं असतं.

प्रमिलाचा आणि माझा नवरा सिलतऱ्याच्या एकाच कारखान्यात. शेजारी शेजारी क्वार्टर. तिथं एकदा सुरक्षेचं पोस्टर करायचं ठरलं — हेल्मेट घाला, घरी कोणी तरी वाट बघतंय — आणि वाट बघणारी बाई हवी होती. बाहेरून कोणाला आणण्यापेक्षा घरच्याच बऱ्या, म्हणून आम्हा दोघींना एकेका दारात उभं केलं. माझ्या पोस्टरबद्दल कोणी काही बोललं नाही. प्रमिलाचं गेटवर लागलं तेव्हा लोक म्हणायला लागले, वाट बघणारी अशी असेल तर ड्यूटीवर यायचंच कशाला? तिचा नवरा आठवडाभर मागच्या गेटनं ये-जा करत होता.

चेहरा तसा साधाच तिचा. सावळा, रुंद, आणि हसली की डोळ्यांच्या कडेला बारीक जाळं पसरायचं. पण त्या जाळ्याकडे बघून समोरचा माणूसही हसायचा. कॅमेरा धरलेलासुद्धा. पोस्टरमागून दोघींना लहानसहान कामं येऊ लागली. तेलीबांध्याच्या तलावाकडे एका दवाखान्याचं मोठं होर्डिंग लागलं होतं, त्यात पुढे प्रमिला आणि मागे मी. मागची मी अस्पष्ट होते. मुद्दाम केलेली अस्पष्ट — पुढची उठून दिसावी म्हणून. ते कसं करतात हे मला नंतर क्लासमधे शिकवलं.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. झालं होतं, म्हणून सांगते.

मुद्द्यावर यायला वेळ लावते आहे मी, कळतंय मला. एरवी माझी ही सवय नाही.

तर, सदर बाजारातल्या एका साडीच्या दुकानाला वर्षभरासाठी एकच चेहरा हवा होता. चाळिशीतली, घरंदाज. होर्डिंगवर, कॅलेंडरवर, पिशव्यांवर तीच. आधी फोनवर फोटो पाठवायचा. आवडला तर दुकानात भेट. आम्ही दोघीही पाठवणार होतो. प्रमिलाला हे काम मिळणं गरजेचं होतं. तिच्या सासरी कुरबुर सुरू झाली होती — आज या डब्यावर, उद्या त्या भिंतीवर, ही काय रीत आहे का? तिनं नवऱ्याला शब्द दिला होता: हे वर्षाचं काम मिळालं तर सगळ्यांना मान्य करावं लागेल, नाही मिळालं तर मी हा नाद सोडते. मला हे तिनंच सांगितलं होतं. माझ्याच स्वयंपाकघरात, मटार सोलता सोलता.

आणि मग म्हणाली, “काय वं कल्पना, तुले येते ना ते फोटो ठीक करणं? माझावाला बी करून दे. जास्त नको करू हं, नाही तर आमचे साहेब मले घरात नाही घेनार.”

मी हो म्हटलं. त्या क्षणी मनात काही नव्हतं का? होतं. हो म्हणतानाच होतं.

त्या दुकानाच्या शेठजींना मी ओळखत होते. आधी एका दिवाळीत त्यांच्याकडे एका दिवसाचं काम केलं होतं. माझ्यासमोर त्यांनी एका मुलीला परत पाठवलं होतं. तिच्या गालाशी फोन धरला, फोनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “फोटो वाली को भेजो बेटा, तुम घर जाओ.” गल्ल्यावर बसून जन्म गेलेला माणूस, नमुना एक आणि माल दुसरा हे त्यांना खपत नसे. हे मला माहीत होतं. प्रमिलाला माहीत नव्हतं. आणि मी तिला सांगितलं नाही.

एवढंच असतं तर गप्प राहण्याची चूक म्हटली असती. एवढंच नव्हतं.

माझ्या फोटोवरची फक्त कपाळाची चकाकी मी कमी केली, कानावरचा एक केस काढला. तीळ ठेवला. डोळ्यांखालचं काळं ठेवलं. मग प्रमिलाचा घेतला. तो मात्र दुपारभर केला. आधी डोळ्यांच्या कडेचं जाळं काढलं. मग मान — बाईचं वय मानेवर असतं — ती गुळगुळीत केली. जबडा जरासा आत ढकलला. रंग उजळ केला, पण एकदम नाही. थराथरानं, त्वचेची छिद्रं तशीच ठेवून, म्हणजे रंगवल्यासारखा वाटू नये. वाईट केला असता तर तिनं ओळखलं असतं. म्हणून चांगला केला. आजवर मी इतकं चांगलं काम दुसरं केलेलं नाही.

तिला कुरूप केलं असतं तर मला स्वतःची लाज वाटली असती. मी तिला सुंदर केलं. तिचंच वाटोळं करण्यासाठी. झालं — सांगून झालं.

तिनं तो फोनवर बोटांनी मोठा करून पाहिला. मग म्हणाली, “ही मीच आहो का वं?”

मी म्हटलं, “तूच आहे. अशीच दिसते तू. त्या फोटोवाल्याइलेच नीट काढता येत नाही.”

तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मी शिकलेली होते.

दोघींनाही बोलावणं आलं. माझ्याच स्कूटरवर गेलो. ती मागे बसली होती, नवी साडी गुडघ्यात धरून, आणि सदर बाजारच्या गर्दीत पुढच्या गाडीवाल्यांना ओरडत होती, “भैया, हटो ना, हिरोइन आ रही है!” लोक वळून बघत होते आणि हसून बाजूला होत होते.

दुकानात शेठजींनी आधी तिला बोलावलं. फोन हातात घेतला. तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. मग अगदी अदबीनं विचारलं, “दीदी, छोटी बहन को साथ नहीं लाए?”

साड्यांच्या घड्या करणारे नोकर हसले. प्रमिलाही हसली, सवयीनं. तिचं हसणं थांबायला जरा वेळ लागला, कारण विनोद कोणावर होता ते तिला सगळ्यांच्या नंतर कळलं.

मग माझी पाळी. माझ्या गालाशी फोन धरून शेठजी म्हणाले, “हाँ, ये ठीक है. जो है सो है.” काम मला मिळालं.

येताना सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “तुनं बिचारीनं इतका चांगला फोटो बनवून देल्ला. मीच फोटोसारखी नाही निघाली.” सिग्नल सुटला. मी गाडी पुढे काढली.

तेव्हा सांगता आलं असतं ना? हो. त्या संध्याकाळीही आलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी, आणि नंतरच्या सगळ्या वर्षांत. प्रमिलानं दिलेला शब्द पाळला, काम सोडलं. आमची मैत्री सुटली नाही. तिच्या दाराच्या मागे माझ्या चेहऱ्याची पिशवी लटकलेली असायची, त्यात कांदे. मी तिच्याकडे जायची, तिच्या हातचा चहा प्यायची. माझी झोप उडाली वगैरे असं काही झालं नाही. झोपते मी नीट.

एक मात्र केलं. वर्गातल्या मुलींना पहिल्याच दिवशी एक नियम सांगते: आपला फोटो आपण करायचा, दुसरीच्या फोटोला हात लावायचा नाही, तिनं पाया पडून मागितलं तरी. मुलींना वाटतं, मॅडम किती तत्त्वाच्या आहेत. वाटू देते.

या वर्षी प्रमिलाच्या मुलीचं, रुचिताचं लग्न झालं. अल्बमचं काम मी अंगावर घेतलं. फोटो ढीगभर होते आणि प्रमिला जवळजवळ नव्हतीच. कुठे कोणाच्या खांद्यामागे अर्धा कान, कुठे पदर, कुठे पाठ. कॅमेरा वर झाला की ही कसल्यातरी कामाला उठून गेलेली. तिचा पूर्ण चेहरा फक्त बुद्धवंदनेच्या वेळच्या एका फोटोत होता — पांढरी साडी, हात जोडलेले, डोळे मिटलेले. कॅमेरा आहे हे तिला कळलंच नव्हतं.

मायलेकी फोटो निवडायला माझ्याकडे आल्या होत्या. रुचिता माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली, प्रमिला मागे पलंगावर. रुचिताला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीच. एकेक फोटो बघत म्हणाली, “मम्मी तो किसी में ढंग से है ही नहीं. मावशी, तुम दोनों तो मॉडल थे ना? फिर मम्मी ने छोड़ा क्यों?”

माझ्याआधी प्रमिलाच बोलली. तक्रार नाही, काही नाही. भाजीचा भाव सांगावा तसं. “चेहरा उतरला होता बाप्पा माझा. मले समजलंच नव्हतं. विचार तुझ्या मावशीले, तिनं तर बहुत मेहनत केली होती माझ्यावर.”

रुचितानं माझ्याकडे पाहिलं. खरंच विचारत होती ती. स्क्रीनवर वंदनेचा फोटो उघडा होता, आणि माउस माझ्या हातात.

मी म्हटलं, “अल्बमचं कव्हर मरून रंगाचं घ्यायचं की सोनेरी?”

रुचिता म्हणाली, मरून.