सोलांजची पळी आणि समोरची खुर्ची

"कट! पळी पुन्हा चुकली."

हा सहावा कट. ओरडला दिग्दर्शक ल्यूक, पण पाहत होता माझ्याकडे. कारण चूक दाखवणे हे माझे काम. मॉन्ट्रियलच्या एका स्टुडिओत मी कंटिन्युइटी पाहते. एकच प्रसंग आधी दुरून, मग जवळून असा तुकड्यांत चित्रित होतो. कोणत्या शब्दावर कोणता हात हलला, याची मी नोंद ठेवते. ती जुळली नाही, तर तुकडे जोडता येत नाहीत.

प्रसंग साधा होता. मुलगा सांगतो, घर विकले. सूप वाढणारी आई म्हणते, "हे घर माझं आहे," आणि पळी खाली ठेवते. सकाळी वाइड शॉटमध्ये, म्हणजे दुरून घेताना, आईचे काम करणाऱ्या सोलांजने ती 'माझं'वर ठेवली होती. आता क्लोजअपमध्ये कधी आधी ठेवी, कधी नंतर.

सोलांज चाळीस वर्षे फ्रेंच रंगभूमीवर गाजलेली. पडद्यावरची ही तिची पहिलीच मोठी भूमिका.

ल्यूकने मला बाजूला घेतले. "लंचनंतरही जमलं नाही, तर उद्या दुसरी आई आणतो."

मी सोलांजकडे गेले. "मादाम, नाटकात अशा गोष्टी लक्षात कशा ठेवता?"

"ठेवतच नाही! समोरचा उठला की माझा हात आपोआप खाली येतो. इथे उठतो कोण? तुमचा असिस्टंट कॅमेऱ्यामागे उभा राहून किराणा मालाच्या यादीसारखी वाक्यं वाचतो."

खरे होते. मुलाचे काम करणारा नट वाइड शॉट होताच घरी गेला होता. क्लोजअपला त्याची वाक्ये दुसऱ्याने वाचायची, ही आमची रीत. मी वही उघडली. पळी, हात, शब्द, सारे होते. तो केव्हा उठला, तेवढे नव्हते. पाठमोरा होता, म्हणून मी लिहिलेच नव्हते. सकाळचे फुटेज पाहिले. आईच्या वाक्यातल्या 'घर'वर तो उठत होता.

लंचनंतर मीच मुलाच्या रिकाम्या खुर्चीत बसले.

"वंदना, तू अभिनय करणार?" ल्यूक हसला.

"नाही. फक्त उठणार."

'घर'वर मी उठले. 'माझं'वर पळी टेबलावर आली. पहिल्याच टेकला.

भूमिका सोलांजचीच राहिली. जाताना तिने माझा खांदा थोपटला. "मा बेल," ती लाडाने म्हणाली, "अभिनय भयंकर होता. वेळ मात्र अचूक!"

तेव्हापासून माझ्या तक्त्यात एक रकाना वाढला आहे: समोरच्याने काय केले. चुका शोधणाऱ्याने आरंभ स्वतःच्या वहीपासून करावा. पुष्कळदा पुढे जावेच लागत नाही.