नाव घ्यायचं नाही

राष्ट्रीय उद्यानासाठी आमचं डोंगरातलं गाव उठलं, तेव्हा मी शाळेत होते. आता वर्षातून एकदा, ग्रामदेवीच्या पूजेपुरतं, बाबा आणि मी परवानगी काढून वर जातो. यंदा घराच्या उरलेल्या जोत्याशी पोचलो, तर अंगणात गव्यांचं ताजं शेण आणि चिखलात पंजाचा मोठा ठसा. सोबतचा वनरक्षक हरखला. "काका, वाघ! परत आलाय बघा."

"नाव नको घेऊ," बाबा दबक्या आवाजात म्हणाले. "जनावर म्हण."

किती वर्षांनी ऐकलं हे! रानात नाव घेतलं की तो ऐकतो, असं लहानपणी सगळेच म्हणायचे. पुढे वाघ दिसेनासे झाले, आम्हीही खाली गेलो. तिथे आमच्या कुत्र्याचं नावच वाघ्या होतं. दिवसभर हाका मारायचो. ऐकणारं कुणी उरलंच नव्हतं.

बाबा ठशाशेजारी बराच वेळ उकिडवे बसले. डोळ्यांत भीती होती, आणि चेहरा मात्र पाहुणा आल्यासारखा खुललेला.

निघताना, जिथं आमचं दार होतं तिथं थांबून ते रानाकडे वळले.

"घर सांभाळ रे," म्हणाले.

नाव तेवढं घेतलं नाही.